उपवासाच्या पंगतीची साक्ष

दौलतगंजातले जगदेवराव तीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर तपासत हिंडले. त्यामुळे झालं काय, दूधवाला नुसता हसला तरी यांच्या मनात पाल चुकचुकायची: आज का हसला?

तर यंदा गणपतीतला महाप्रसाद नेमका एकादशीच्या रविवारी आला. उपवासवाल्यांची पंगत वेगळी, बाकीच्यांची वेगळी. आणि संध्याकाळी दोन्ही पंगतीतल्या कितीतरी जणांची पोटं बिघडली! मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव गरजले, "आमटी नासलेली होती. अनसूयाबाईंचा स्वयंपाक आजपासून बंद."

अनसूयाबाईंचं घर चालायचं ते असल्या पंगतींवरच. एकदा नाव गेलं की शहराच्या सगळ्या लष्कर भागात कोण बोलावणार?

जगदेवरावांनाही आधी तिचाच संशय आला. पण खोड जुनी. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारोदार चौकशीला निघाले. शेजारच्या उषाताई अंथरुणात. त्यांनी खाल्लं काय, तर साबुदाण्याची खिचडी आणि ताक. उपवासाच्या पंगतीतले आणखी पाच जण तसेच. आमटीला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं!

ते तडक दिनकररावांकडे गेले.

"मग पाणी असेल," दिनकरराव म्हणाले.

"पाणी तुम्हीही प्यायलात. आमटीही दोन वाट्या ओरपलीत. ठणठणीत आहात की!"

"मी ताक घेत नाही बुवा. सर्दी होते."

जगदेवरावांनी डोळे बारीक केले. हां! म्हणजे दोन्ही पंगतींत वाढलेलं ताक. पण दही तर अनसूयाबाईंनीच विरजलं होतं. बाई काही सुटत नव्हती.

घरी येऊन बायकोला, लीलाताईंना, त्यांनी हेच सांगितलं. त्या भाजी निवडत म्हणाल्या, "आम्ही चौघींनी बर्फ घालायच्या आधीचं ताक घेतलं. माझा घसा धरला होता ना. आम्हाला कुठे काय झालं?"

"मग बर्फच! आणला कुणी तो?" जगदेवराव उसळले.

लीलाताईंनी मान वर केली. "अहो, तुम्हीच. खायचा बर्फ नव्हे, बाटल्या गार करायची लादी, दाल बाजारातून, स्कूटरवर, धान्याच्या जुन्या गोणपाटात गुंडाळून. किती मिरवत आलात!"

एवढ्या चौकशीत एका माणसाला काही विचारायचं राहून गेलं होतं.

आरतीला सगळे जमले, तेव्हा जगदेवरावांनी घसा खाकरून सगळं सांगितलं. दिनकरराव तोंड वाकडं करून म्हणाले, "बरं. विसर्जनाचा स्वयंपाक अनसूयाबाईंकडेच."

"करीन," अनसूयाबाई म्हणाल्या, "पण जगदेवराव स्कूटर घेऊन निघाले, तर त्यांना आधी कुठे चाललात ते विचारा."