मावशींची हातगाडी

काजबटणवाल्या मावशींचा सगळा जन्म शिंप्याच्या दुकानात मांडी घालून शर्टांना काजं करण्यात गेला, आणि साठीनंतर गुडघ्यांनी संपच पुकारला. समुद्राकाठचं पक्ष्यांचं अभयारण्य बघायची हौस मात्र राहूनच गेली होती. शेवटी सुनेनं त्यांना बसनं तिथवर नेलं. पण फाटकापुढे गाड्यांना बंदी, आणि पुढे नुसती वाळूची वाट.

"तू बघून ये गं, मी बसते इथंच," मावशी म्हणाल्या.

ते ऐकून फाटकावरच्या रखवालदारानं किनाऱ्यावरचा कचरा वाहायची हातगाडी धुऊन आणली आणि तिच्यात चादर अंथरली.

"बसा, मावशी."

"अरे, मी काय सिमेंटची गोणी आहे?" असं म्हणत मावशी हसत हसत बसल्याच. दोघांनी आळीपाळीनं गाडी ढकलली.

खाडीच्या मुखाशी चिखलात चरणारे हजारो पक्षी एकदम उडाले. मावशी मान वर करून त्यांचा थवा बघत राहिल्या. मग त्यांनी सुनेचे लालबुंद झालेले तळवे हातात घेतले.

"पोरी, माझ्या आईनंही माझे एवढे लाड केले नव्हते गं." मग त्या रखवालदाराकडे वळल्या. "आणि बाबा, तुझे उपकार कसे फेडू?"

"आधी पाखरं बघून घ्या," तो म्हणाला. "घाई नाही."

भरतीचं पाणी चढेपर्यंत तिघंही तिथंच थांबली.