पेवातल्या चार फ्लॉप्या

उत्तरेश्वरबद्दल गावात दोनच गोष्टी सांगतात. एक, त्याच्या घरी कॉम्प्युटर होता. दोन, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. परवा चहाच्या टपरीवर एक शहाणा या दोन गोष्टी जोडून सांगत होता, की त्या मशीननंच त्याचं डोकं खाल्लं. माझा हात उठता उठता राहिला. मास्तरनं टपरीवर हात उचलू नये, म्हणून घरी येऊन लिहायला बसलो.

मी गुलाब. सास्तूरच्या शाळेत शिकवतो. गाव माकणीच्या अलीकडं, घर गावाबाहेर भीमनगरात. उत्तरेश्वर माझा पहिलीपासूनचा सोबती. पाच एकर कोरडवाहू, आई दगडाबाई, आणि तो. पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम शिकला होता. सत्त्याऐंशीला वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून नोकरी सोडून परत आला. येताना कंपनीनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मागून घेतला आणि दोन गोधड्यांत गुंडाळून, एसटीत शेजारच्या सीटवर बसवून आणला. त्याचंही तिकीट काढलं होतं म्हणे.

माणूस काही देवमाणूस नव्हता, हे आधीच सांगतो. तंबाखू खायचा, घोंगावणाऱ्या माशांना शिव्या द्यायचा, आणि मशीनला कुणी हात लावला की खेकसायचा. दर रविवारी मला मशीनवरचं काम शिकवायला बोलवायचा आणि दारातच थांबवायचा.

"हात धुऊन ये. खडूचे हात लावू नगंस."

त्या मशीनच्या पोटात हार्ड डिस्क नावाची एक पेटी होती. लिहिलेलं सगळं त्या पेटीत राहायचं. आमच्याकडं लाईट यायची तशी जायची. एकदा लाईट गेली आणि पेटीतलं अर्धं लिखाण उडालं. त्या दिवसापासून उत्तरेश्वरनं एक नेम धरला. दर शनिवारी पेटीतल्या सगळ्याची नक्कल चार फ्लॉप्यांवर उतरवायची. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली पातळ चकती. त्यांच्यावर एक, दोन, तीन, चार असे नंबर. आणि असे दोन संच: एक कपाटात, दुसरा भलतीकडं.

"दोन कशाला रे?" मी विचारलं.

"मायला इचार," तो म्हणाला.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या घरी पेरायचं बी सुद्धा दळून खाल्लं होतं. पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा गावातले अर्धे लोक मोकळं रान बघत बसले. पण दगडाबाईनं पायलीभर बी नवऱ्याच्या नकळत भावाकडं नेऊन ठेवलं होतं. त्यावर रान पेरलं. उत्तरेश्वर तेव्हा दहा वर्षांचा होता. पुण्यातल्या साहेबांनी त्याला जे इंग्रजीत शिकवलं, ते तो आईकडून आधीच शिकून गेला होता.

आता पेवाचं सांगतो. आमच्या भागात ज्वारी पेवात ठेवतात. अंगणात विहिरीसारखा खोल खड्डा, आत काड आणि पालापाचोळा, तोंडावर शिळा, शिळेवरून माती. ज्वारी वर्ष वर्ष टिकते. पण बंद पेवात हवा मरते. उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. मोठ्या घरांत पेवात उतरायचं काम आमच्या लोकांचं. माझा चुलता कोंडिबा चेअरमनच्या पेवात असाच गेला. पाव्हणे जेवायला यायचे होते, म्हणून त्याला उघडल्या उघडल्या उतरवला. वर पाच जण उभे होते, आणि एकानंही खाली दोर सोडला नाही. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि त्या पाच जणांत कोण कोण होतं ते मला अजून पाठ आहे.

हा चेअरमन म्हणजे आमच्या पाणी सोसायटीचा. धरणाचं पाणी अडायला लागलं तशी उपसा सिंचनाची सोसायटी निघाली होती. सभासदांची यादी उत्तरेश्वर फुकटात मशीनवर करून द्यायचा: नाव, गट नंबर, शेअरचा नंबर, तारीख. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत त्याच्याच मागं लागण्यानं एकसष्ट नवे सभासद झाले. भीमनगरातले आम्ही, आणि गावातले बारके कोरडवाहू. माझी आई बनाबाई एकशे सत्तेचाळीस नंबरला. यादीत नाव म्हणजे मत, आणि मत म्हणजे पाइपलाइन आपल्या रानापर्यंत येणार. चेअरमनला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

फाल्गुनात दगडाबाईनं पेव भरलं. दुष्काळाचं साल, पेव निम्मंच भरलं. ती उत्तरेश्वरला म्हणाली, "त्या तुझ्या चकत्या दे हिकडं. दुसरं बी पेवात ठिवते."

"माय, खराब हुतील."

"ज्वारीला वर्सभर कीड लागत न्हाय, तुझ्या चकत्यांला काय धाड भरलीय?"

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चार फ्लॉप्या गेल्या, झाकणाच्या फटी मेणानं बुजवल्या, डबा ज्वारीत पुरला आणि शिळा बसली. आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

मे महिन्यात निवडणूक लागली. सेक्रेटरीनं शिक्का मारायचा म्हणून सगळ्यांचे शेअरचे दाखले गोळा केले. पुढच्या शुक्रवारी सोसायटीच्या खोलीला आग लागली. रजिस्टर जळालं, दाखले जळाले, आणि उमरग्याच्या निवडणूक अधिकाऱ्याकडं चेअरमननं जी यादी दिली तीत आमची एकसष्ट नावं नव्हती. अधिकारी तसा सरळ होता. म्हणाला, शेअरचे पैसे भरल्याची चलनं बँकेत आहेत, पण नंबर आणि तारखा असल्याशिवाय पोत्यातून काढणार कोण? मंगळवारी पाचच्या आत आणून द्या, मी ताडून बघतो. नंबर आणि तारखा आता एकाच घरात होत्या, उत्तरेश्वरच्या. तो म्हणाला, "रविवारी ये. छापून काढू."

रविवारी गावात लग्न होतं. भर दुपारी गल्ली रिकामी, सगळे मांडवात. मी हात धुऊन आत बसलो, उत्तरेश्वरनं प्रिंटरला कागद लावला, आणि दार लाथेनं उघडलं. चेअरमनचा पुतण्या श्रीपती, हातात पहार. मागं त्यांचे दोन गडी, दगडोबा आणि आणखी एक.

श्रीपतीनं पहार उचलली. पहिला घाव काचेवर. काच फुटून माझ्या तोंडावर आली. दुसरा, तिसरा, चौथा खालच्या खोक्यावर. पत्रा वाकला, आतली हार्ड डिस्क बाहेर लोंबली, ती त्यानं उंबऱ्यावर ठेवून ठेचली. मी उठलो तर पहारेचं टोक माझ्या तोंडात बसलं. पुढचे दोन दात तिथंच पडले. अजूनही मुलांना शिकवताना माझा 'स' नीट निघत नाही, आणि दर वेळी मला श्रीपती आठवतो.

मग कपाटातल्या फ्लॉप्या. त्या त्यानं चुलीत घातल्या.

"दुसऱ्या कुठं हायत? दोन ठिवतोस म्हणं तू."

गड्यांनी उत्तरेश्वरचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि श्रीपतीनं धुण्याच्या मोगरीनं त्याची बोटं एकेक करून मोडली. चार. आवाज मला ऐकू आला. उत्तरेश्वर गुरासारखा ओरडला, पण सांगितलं नाही. पाचव्या बोटाला दगडाबाई किंचाळली.

"पेवात हायत! सोड त्याला मुडद्या, पेवात हायत!"

त्यांनी माती ओढली, शिळा सरकवली. दगडाबाई आडवी झाली. "आज उतरू नगंस. उद्या उतर, सकाळी. आत हवा न्हाय."

"उद्यापतूर तुमी चकत्या पळवताव व्हय?" श्रीपतीनं तिला थोबाडीत मारली. म्हातारी भिंतीवर आदळली.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटलं की म्हातारी वेळ काढतेय. जन्मात कधी पेवात उतरला नव्हता. त्याच्या घरची ज्वारी दुसऱ्यांच्या पाठीवरून वर यायची, ती कशी येते हे बघायला तो कशाला जाईल? काठाला हात टेकून त्यानं आत उडी टाकली. ज्वारी उपसल्याचा आवाज आला. मग खोकला. मग काहीच नाही.

"मालक?" दगडोबानं हाक मारली. दुसरा गडी तेवढ्यात पळून गेला होता.

उत्तरेश्वर माझ्याकडं बघत होता. पेवाचं तंत्र आम्हा दोघांत मला जास्त माहीत. माझे दोन्ही हात धड होते. उतरायला मीच पाहिजे होतो. तो म्हणाला, "गुलाब, दोर बांध. उतर."

मी रक्त थुंकलो आणि म्हणालो, "मरू दे."

हे मी रागाच्या भरात बोललो नाही. मला तो मरायला हवा होता. माझ्या चुलत्याला जेवढा वेळ लागला असेल तेवढा त्याला लागावा, असं वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं, खोटं कशाला बोलू?

उत्तरेश्वर वाद घालत बसला नाही. घोंगडी पेवात खालीवर झटकून त्यानं थोडी हवा हलवली, कासरा डाव्या हातानं कमरेला गुंडाळला आणि दातानं गाठ आवळली. दोर तेवढा एकच होता, दुसरा बैलांबरोबर रानात. "धरशील का तेवढा?" असं म्हणाला. मी दोर धरला. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तो उतरला.

खाली त्यानं स्वतःच्या कमरेचा दोर सोडून श्रीपतीच्या काखेतून घातला. एका श्वासाचं काम होतं. पण गाठ मारायला बोटं लागतात. त्याची चार बोटं श्रीपतीनंच मोडली होती. वरून मला त्याचं टाळकं दिसत होतं, हात दोरावरून निसटत होता, परत धरत होता, परत निसटत होता. मग दोराला हिसका बसला. मी, दगडोबा आणि दगडाबाईनं ओढलं. श्रीपती बाहेर आला, निळा पडलेला. आम्ही दोर काढून परत खाली सोडला. उत्तरेश्वरनं तो धरला नाही. तो ज्वारीवर पालथा पडला होता.

तेव्हा मी उतरलो. आता सांगून काय उपयोग, पण उतरलो. श्वास कोंडून धरला, त्याला बांधून वर पाठवला, आणि मग मला ओढलं. त्याच्या हाताखाली, अर्धा ज्वारीत, तो डबा होता. त्याला तो दिसला असणार. त्यानं उचलला नाही.

संध्याकाळपर्यंत दोघंही सोलापूरच्या दवाखान्यात. सोमवारी मी गावी परत आलो, पेवात कंदील सोडला, तो जळत राहिला, उतरलो आणि डबा काढला. आत फ्लॉप्यांवर उत्तरेश्वरच्या अक्षरातली चिठ्ठी होती. "गुलाब, मी नसलो तर. एकपासून घाल. क्रम चुकवू नको. मधे लाईट गेली तर परत एकपासून." फाल्गुनात आम्ही हसत होतो तेव्हा यानं हे कधी लिहिलं, मला कळलंसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी सोलापुरात एका क्लासवाल्याच्या पाया पडून त्याच्या मशीनवर बसलो. आधी हात धुतले. एक गेली. दोन गेली. तीन घातली तर मशीन नुसतं खरखरत राहिलं. झाकणाचं मेण कुठंतरी सुटून ज्वारीचा बारीक भुसा आत गेला होता. पाकीट हलकं झटकलं, परत एकपासून सुरू केलं. या वेळी तीन गेली, चार गेली. पडद्यावर नावं आली. एकशे सत्तेचाळीस, बनाबाई. मी त्या क्लासमध्ये पोरांसमोर मोठ्यानं रडलो.

साडेचारला यादी उमरग्याला पोचली. बँकेत चलनं सापडली, एकसष्टच्या एकसष्ट. चेअरमन पडला. पुढच्या वर्षी पाइपलाइन भीमनगरापर्यंत आली, माझ्या आईनं भुईमूग केला. श्रीपती चार दिवसांत दवाखान्यातून घरी आला आणि आता फटफटीवर फिरतो. पोलिसांना दगडोबानं सांगितलं की मालक म्हातारीला ज्वारी काढून द्यायला उतरले होते. आमचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही, केस तिथंच मिटली.

उत्तरेश्वर तीन आठवड्यांनी आला. चालतो, जेवतो, तंबाखू मागतो. पण डोक्यात काही राहत नाही. आज सांगितलेलं उद्या पुसलेलं असतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली, आता हे असंच. त्याच्या डोक्यातल्या पेटीची दुसरी नक्कल कुठंच नव्हती.

तरी दगडाबाई हार मानायला तयार नाही. रोज सकाळी त्याला ओसरीवर बसवते आणि सांगते. "तू उत्तरेश्वर. म्या तुझी माय. ह्यो गुलाब, तुझा सोबती. तुझा बाप गेला. तू पुण्याला हुतास." तिनं माझ्याकडून ती चिठ्ठी वाचून घेतली आहे. मधे कुणी आलं, बोलणं तुटलं, तर ती परत पहिल्यापासून धरते. शाळेत जाताना मी तिथं थांबतो. एवढं तरी मला करायलाच पाहिजे.

परवा ती पेवापर्यंत आली. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि वाकडी बोटं बघत विचारलं, "मंग पेवात उतरलं कोण?"

"तूच की रं," ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "अन् तू कुठं हुतास, गुलाब?"

दगडाबाई खाली बघत राहिली. तिनं मला कधीच काही म्हटलेलं नाही.

"वर होतो," मी म्हणालो. "तू मला उतर म्हणालास. मी नाही म्हणालो."

त्यानं तंबाखू मागितली. मी मळून दिली आणि शाळेत गेलो. दुसऱ्या दिवशी त्यानं परत तेच विचारलं, आणि मी परत तेच सांगितलं.