झिऱ्यावरचा पांढरा दगड

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी शाळेत हजर होतो. नगरच्या एका शाळेत मी ड्रॉइंग मास्तर होतो. त्या दिवशी पोरांना तांब्या काढायला दिला आणि त्याची डावी बाजू उजवीसारखी कशी आणायची ते फळ्यावर दाखवलं. दोन्ही बाजू जुळल्या. शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याकडे चोरून बघत होते, मी कधी एकदा रडतो याची वाट बघत असल्यासारखे. मला त्यांचा राग आला, तोही फार नाही. विषमज्वराने नऊ दिवसांत बायको गेली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. झोपेत अंगाखाली आलेला हात जागं झाल्यावर आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालो होतो.

असं वर्ष गेलं. लढाई संपत आली होती. रॉकेल रांगेत मिळत होतं, सायकलचे टायर मिळतच नव्हते. मी खाणावळीत जेवत होतो आणि पोरांकडून तांब्याची चित्रं काढून घेत होतो.

माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कापड बाजाराच्या मागे सायकलचं दुकान चालवायचा. तो जेवढं रडायचं तेवढं रडून मोकळा झाला होता. मला बघून मात्र त्याला धास्ती वाटायची. एका रविवारी सकाळी तो दोन सायकली घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, दाजी, चला. कुठे ते मी विचारलं नाही. नको म्हणायला जेवढं बोलावं लागलं असतं त्यापेक्षा पायडल मारणं सोपं होतं.

मग दर रविवारचं तेच झालं. उजाडता निघायचं, कल्याण रस्त्याने भाळवणीच्या पुढे जायचं, आणि डावीकडे पारनेरच्या माळावर शिरायचं. पाऊस त्या भागाला दरवर्षी विसरायचा. माळ म्हणजे नुसता माळ. कुसळी गवत, तेही पिवळं पडलेलं, मधूनच एखादी बाभूळ, आणि काळा दगड नजर जाईल तिथवर. सावली हवी असेल तर स्वतःची. जुन्या बाजारातून घेतलेल्या लष्करी पाण्याच्या बाटल्या आमच्या गळ्यात असायच्या, फडक्यात भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा. मेहुण्याला वाटायचं की असं रानोमाळ हिंडलं की माणूस शिकतो, घट्ट होतो. मी आधीच इतका घट्ट झालो होतो की आत काही जात नव्हतं, पण त्याला कशाला सांगा.

त्याला दगडांचा नाद होता. पारनेरच्या काळ्या कातळात मधूनच पोकळी असते आणि तिच्यात गारगोटीचे स्फटिक धरलेले असतात, काही दुधासारखे, काही हिरवट. तो ते छिन्नीने काढायचा, कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा, आणि प्रत्येक दगड मला दाखवायचा. मी बघायचो. सुंदर आहे म्हणायचो. काळ्यात पांढरा कसा उठून दिसतो हे मला ड्रॉइंग मास्तर म्हणून कळत होतं, एवढंच.

माघ महिना होता. एका ओढ्याच्या काठाने चाललो होतो. ओढा तसा कोरडाच, वळणावळणाला डबकी उरलेली. एका वळणावर कमरेएवढा काळा धोंडा होता आणि त्याच्या डोक्यावर एक पांढरा दगड ठेवलेला. नारळाएवढा. सगळ्या अंगावर टोकदार स्फटिक, खडीसाखरेच्या खड्यांसारखे. मेहुणा पळतच गेला. मी त्याला एवढं म्हणालो की हा इथला नाही, कुणीतरी ठेवलाय. तो म्हणाला, ठेवला असेल आणि विसरला असेल. त्याने तो चहूबाजूंनी फिरवून बघितला. शेंदूर नव्हता, हळदकुंकू नव्हतं, खाली नारळाची शेंडी नव्हती. शेंदराचा एक ठिपका जरी असता तरी आम्ही दोघांनी चपला काढून नमस्कार केला असता आणि पुढे गेलो असतो. शेंदूर नाही म्हणजे मालक नाही, असा आम्हां शिकलेल्या माणसांचा हिशेब.

परत येताना त्याने तो दगड मला दिला. म्हणाला, ताईला आवडला असता. मला ते आठवेना. तिला दगड आवडायचे की नाही हे मला खरंच आठवेना. तरी घरी आल्यावर मी तो तिच्या फोटोपुढे फळीवर ठेवला. ती गेल्यापासून तिच्यासाठी मी स्वतःहून केलेली ती एकच गोष्ट होती. सकाळी खिडकीतून ऊन आलं की त्याचे कण फोटोच्या काचेवर पडायचे. मी तिकडे बघत चहा प्यायचो. बरं वाटायचं असं म्हणणार नाही, पण बघायचो.

फाल्गुनात ऊन वाढायला लागलं. माळाच्या कडेला धनगराची एक वस्ती होती, दोन खोपटं आणि मेंढरांचा काटेरी वाडा. आम्ही सायकली तिथे लावून पुढे पायी जायला लागलो. घरात फक्त सून असायची. ती ताक द्यायची आणि सांगायची की सासरे मेंढरं घेऊन गेलेत आणि नवरा साखर कारखान्यावर कामाला आहे. आम्ही त्या सासऱ्याला कधी बघितलं नव्हतं.

मग परीक्षांच्या गडबडीत महिनाभर आमचं तिकडे जाणं झालं नाही. वैशाखातल्या एका रविवारी पुन्हा गेलो तेव्हा तो घरी होता. खोपटापुढे घोंगडीवर बसला होता, काठी आडवी मांडीवर. सत्तरीचा असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळं करडी झालेली. ऊन चढलं तरी मेंढरं वाड्यातच ओरडत होती. सूनबाईने आमची ओळख सांगितली, तसा तो म्हणाला, मास्तर, बसा. आम्ही बसलो. मेंढरं का सोडली नाहीत असं मेहुण्याने सहज विचारलं.

म्हातारा सांगायला लागला. डोळे कधीपासून अधू झाले होते. माणसाचं तोंड दिसत नव्हतं, वाट दिसत नव्हती, पण काळं आणि पांढरं वेगळं कळायचं, आणि मेंढरं वळायला तेवढं पुरत होतं. ओढ्यात त्यांचा एक झिरा होता. वाळूत हातभर खड्डा, खाली बारा महिने पाझर. पाणी उन्हाने आटू नये, कावळ्यांनी नासू नये म्हणून त्यावर फरशी टाकायची आणि फरशीवर पुन्हा वाळू लोटायची. पाणी पिऊन झालं की ज्याने उघडलं त्याने झाकायचं, ही तिथली रीत. होळीपर्यंत डबक्यांवर भागायचं, झिऱ्याची गरज चैत्रापासून. पण वाळूखालची फरशी डोळस माणसालाही सापडायची नाही. म्हणून त्याच्या बापाने काठावरच्या काळ्या धोंड्यावर खूण ठेवली होती.

माझ्या शेजारी मेहुण्याची चपलेशी चाललेली चाळवाचाळव थांबली.

म्हातारा म्हणाला, "चाळीस वर्सं त्यो पांढरा धोंडा बगत आलो. लांबून ठिपक्यावानी दिसायचा. तेवडाच दिसत हुता मला. आता त्योबी दिसंना."

चैत्रात पहिल्यांदा तो मेंढरं घेऊन झिऱ्याकडे गेला आणि तो पांढरा धोंडा दिसला नाही. ओढ्याच्या काठाने वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. ऊन डोक्यावर आलं. दोन कोकरं बसली ती उठली नाहीत. दुपारी सून शोधत गेली तेव्हा तो बाभळीखाली पडला होता आणि मेंढरं भोवती उभी होती. त्यानंतर महिनाभर सुनेने घरचं आवरून मेंढरं कशीबशी हिंडवली, झिऱ्याची नेमकी जागा ठाऊक नव्हती म्हणून लांबच्या विहिरीवर नेली. पण तिचं पोर पाळण्यात होतं, तिला ते होईना. लेक कारखाना सोडू शकत नव्हता. बुधवारी बाजार होता. लेक येऊन सगळी मेंढरं विकायला घेऊन जाणार होता.

मी एवढंच म्हणालो, "बाबा, कुणी नेला असेल तो दगड."

तो हसला. दात नव्हते. "दगड कोन नेतंय, मास्तर? सून बगून येते म्हनत हुती. म्या म्हनलं, कशाला जातीस? धोंडा काय चालत जातुया? माजंच डोळं गेलं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. मेहुण्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. म्हाताऱ्याने सुनेला ताक आणायला सांगितलं आणि आम्ही ते प्यायलो.

परत येताना मेहुणा सारखा बोलत होता. म्हणाला, धनगर लोक कुऱ्हाडीनेच बोलतात. म्हणाला, आपण गुपचूप नेऊन ठेवू, पुढच्या रविवारी, कुणाला कळणार नाही. मी म्हणालो, बुधवारी बाजार आहे. तो म्हणाला, मग बुधवारच्या आत कसं जमणार, तुमची शाळा, माझं दुकान. त्याचं खरंच होतं. आम्ही रविवारची माणसं होतो.

त्या आठवड्याचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सोमवारी परीक्षेचे कागद तपासले. मंगळवारी सकाळी दगड फोटोपुढून उचलला, पंच्यात गुंडाळला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधला. रजेचा अर्जही लिहिला होता. मग बघितलं तर मागचं चाक बसलेलं. पंक्चर काढायला मेहुण्याच्या दुकानात जावं लागलं असतं, आणि कुठे निघालो ते त्याला सांगावं लागलं असतं. एवढंच कारण. एका पंक्चरचं. भाड्याची सायकल मिळत होती, एस.टी. तेव्हा सुरू झाली नसली तरी खाजगी मोटारी भाळवणीला जात होत्या. मी पंचा सोडला, दगड परत फळीवर ठेवला आणि शाळेत गेलो. मला काही वाटत नाही, हे इतके दिवस मी आजारासारखं बाळगलं होतं. त्या मंगळवारी मला कळलं की ते माझ्या सोयीचंही होतं. काही वाटत नसलं की काही करावं लागत नाही.

रविवारी मेहुणा आला तेव्हा मी त्याला सांगितलं की मी एकटा जातो. तो दारात उभा राहून टायर चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, दाजी, माझं नाव सांगू नका. मी म्हणालो, नाही सांगत.

वस्तीवर पोचलो तेव्हा वाडा रिकामा होता. काट्याचं फाटक उघडं टाकलेलं, आत लेंड्या वाळून गेलेल्या. कुत्रं वाड्याच्या मधोमध झोपलं होतं. म्हातारा त्याच घोंगडीवर बसला होता. मी त्याच्यापुढे बसलो, पंचा सोडला आणि दगड त्याच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी चाचपला. एका बाजूला जुना टवका गेलेला होता, तिथे त्याचा अंगठा बरोबर जाऊन थांबला.

"मी नेला होता, बाबा," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांना काही झालं नाही."

सून आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली. मग त्याने विचारलं, "कवा नेला?"

"माघात."

"मागल्या आयतवारी तुमी हितंच बसला हुता. तवा ह्यो कुटं हुता?"

"माझ्या घरी," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. ओरडला असता, काठी घातली असती तर चाललं असतं. मी तयारी करूनच गेलो होतो. पण तो काठी टेकून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चला, ठिवून येऊ."

मैलभर चाललो. त्याचा हात खांद्यावर जड नव्हता. काळ्या धोंड्याशी आलो, मी दगड जागेवर ठेवला. त्याने मला तिथेच थांबायला सांगितलं आणि स्वतः काठी टेकत माळावर चालत गेला, पन्नास पावलं, शंभर, आणखी पुढे. मग वळला. तिथून त्याचा आवाज आला, सपाट, मोजमाप सांगितल्यासारखा.

"दिसतुया."

तो परत आला आणि वाळू बाजूला करायला लागला. मी मदत केली. फरशी सरकवली. खाली ओंजळभर पाणी होतं, त्यात आभाळ दिसत होतं. त्याने मला आधी प्यायला सांगितलं. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "प्या. आता कोन हाय दुसरं प्यायला?"

मी ओंजळ भरून प्यायलो. पाणी गार होतं. आणि मला लाज वाटली, अशी की मी गुडघ्यांवर तसाच वाकून राहिलो. दीड वर्षात मला पहिल्यांदा काही वाटलं होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. म्हातारा काठावर बसून मी उठायची वाट बघत होता. उठलो तेव्हा त्याने विचारलं, झाकता येतंय का. मी फरशी ओढली आणि वर वाळू लोटली, तो सांगेल तशी.