वाघ खांबावर बसला तेव्हा

धावड्याच्या शिवारात वाघ मी आणला. जंगलाचा त्यात काही दोष नाही.

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, पेपरचे जुने वार्ताहर, आणि मी, त्यांची सून, मोबाइलवर गावच्या बातम्यांचं चॅनल चालवते. तेव्हा आठवडाभर मळ्यातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बंद होती. पाण्याच्या मोटारी थंड, मोसंबी डोळ्यांदेखत वाळत चाललेली. मामांनी पेपरात तीनदा बातमी दिली. (तिन्ही वेळा ती आतल्या पानावर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जाहिरातीखाली आली.) वीज ऑफिसातून उत्तर एकच, 'साहित्य न्हाई.'

एका सकाळी मळ्यातून आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोन आला. "अगं, वाघ आलाय मळ्यात. समद्यांना जल्दी सांग, मोटारीकडं कोणी जाऊ नका." फोन कट.

"मामा, मळ्यात वाघ आलाय!"

"आधी जागेवर जाऊन बघ, मंग लिही."

"तवर दुसरं चॅनल टाकून मोकळं होईल!"

दोन मिनिटांत मी बातमी सोडली: 'धावडा शिवारात वाघ! मोटारीकडे फिरकू नका!' सोबत नेटवरचा फोटो. (वाघाच्या मागे बर्फ होता. धावड्यात बर्फ! पण एकानंही विचारलं नाही.) अर्ध्या तासात काठ्या, कुऱ्हाडी आणि हलगी घेऊन गाव मळ्याकडे निघालं. सर्वांत पुढे मी, मोबाइल उगारून.

मळ्यात डीपीच्या खांबाला एक माणूस घट्ट मिठी मारून बसला होता. खाली आत्याबाई उभ्या.

"आत्याबाई, वाघ कुठंय?"

"त्यो काय वर. नवे वायरमन, वाघभाऊ. डीपी बघायला आल्ते. कोणी मोटार चालू करू नका म्हणून सांग म्हणलं, तर तू हे काय करून राह्यली?"

वाघभाऊंनी माझी बातमी वर बसूनच वाचली होती. "ताई, आधी वाघ पकडा, मंग मी उतरतो." आत्याबाईंनी रेणुकाईची शपथ घेतली, तरी वाघ उतरेना. शेवटी वाघभाऊंनी खांबावरूनच वीज ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. आपला माणूस वाघाच्या तोंडी जातोय म्हटल्यावर साहेब जीप घेऊन धावत आले, आणि आठवडाभर नसलेलं साहित्य बराबर जीपमध्ये होतं! वाघभाऊ वर होतेच. काम करूनच उतरले.

मोटार सुरू झाली. मोसंबीच्या आळ्यात पाणी शिरलं तेव्हा माझे डोळे भरून आले. हलगी आणलीच होती, म्हणून वाघभाऊंची मिरवणूकही निघाली.

"तीन खऱ्या बातम्यांनी झालं न्हाई, ते तुझ्या एका खोट्या बातमीनं झालं," मामा म्हणाले. हे कौतुक होतं की नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही. त्यांनी बजावलं म्हणून मी लगेच खुलासा टाकला, 'वाघ म्हणजे वायरमन.' तो फक्त वाघभाऊंच्या बायकोनं वाचला.

दुसऱ्याच दिवशी पिंपळगाव रेणुकाईहून फोन आला.

"ताई, आमची बी डीपी जळालीय. वाघच पायजे असं न्हाई, बिबट्या सोडला तरी चालंल."