यमूताईंनी वाचलेला निबंध

मिरजेहून निरोप आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. निरोप घेऊन आलेला माणूस दारात उभा राहिला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यानं काही बोलायची गरजच उरली नाही. यमूताई विषमज्वरानं गेल्या. आदल्या रविवारी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते. अंगात ताप होता, ओठ सुकले होते, पण डोकं अगदी स्वच्छ होतं. मला म्हणाल्या, "कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या गठ्ठ्यांना ऊन दाखवलंस का गं? कसर लागेल." हे त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं. त्याला आता महिना होत आला. ज्या गोष्टीबद्दल आम्ही दोघी इतकी वर्षं कुणापाशी बोललो नाही, ती सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी लिहिणं खोटं होईल, असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

यमूताई मूळच्या वाईच्या. लहानपणीच वैधव्य आलं, पुण्याला थोरल्या भावाकडे राहून शिकल्या, आणि सांगलीच्या आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला आल्या. मी साताऱ्याहून मराठी शिकवायला आले ती लढाईच्या ऐन मध्यात. जुन्या सांगलीत, गावभागात, त्यांच्या दोन खोल्या होत्या, त्यांतली एक त्यांनी मला दिली. स्वभाव कडक. नवस, कौल, अंगात येणं, असल्या गोष्टी कुणी काढल्या की त्या शांतपणे विचारत, "पुरावा?" त्यांना एकच वेड होतं, ते म्हणजे दप्तराचं. कॉलेज निघाल्यापासूनचे मराठी, संस्कृत, इतिहास, तत्त्वज्ञान या विभागांचे कागद... सभांची टिपणं, वक्तृत्व मंडळाची पत्रकं, विद्यार्थ्यांचे निबंध, सहलींचे फोटो... सगळं एका अंधाऱ्या खोलीत पडलं होतं. शिकवून झालं की ताई पदर खोचून तिथं शिरायच्या आणि एकेका विभागाचं वेगळं बासन बांधायच्या. काम करताना हातातला कागद मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. म्हणायच्या, "डोळा चुकतो, कान चुकत नाही." संध्याकाळी व्हरांड्यातून जाताना तो सपाट, कोरडा, शिक्षकी आवाज ऐकू आला की कॉलेज अजून सुरू आहे असं वाटे.

लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता. विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून द्याव्या लागत. अशात प्राचार्यांनी ठरवलं की जुने निबंध रद्दीत देऊन टाकायचे. ताई त्यांच्याशी भांडल्या. बेचाळीसच्या चळवळीत आमची कितीतरी मुलं वर्ग सोडून गेली होती, काही तुरुंगात होती, काहींचा पत्ताच नव्हता. "मुलं गेली, आता त्यांचं अक्षरही घालवायचं?" असं त्या म्हणाल्या. प्राचार्य ऐकेनात, तेव्हा त्या मुलांचे निबंध त्यांनी गुपचूप घरी आणले आणि माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत ठेवले. थोड्याच दिवसांनी पोलिसांचा एक अधिकारी कॉलेजात आला. सातारा भागात भूमिगतांची हातानं लिहिलेली पत्रकं सापडत होती, त्यांचं अक्षर ताडून पाहायला त्याला शिवराम नावाच्या एका विद्यार्थ्याचे कागद हवे होते. ताईंनी शांतपणे सांगितलं, "रद्दीत गेले. प्राचार्यांचा हुकूम आहे, पाहा." खोटं बोलताना त्यांना मी पाहिलं ते तेवढंच. घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेला कुलूप लावलं.

हा शिवराम आम्हा दोघींनी कधी पाहिलेला नव्हता. मी येण्याआधीच तो कॉलेज सोडून गेला होता, आणि ताईंच्या विषयाला तो नव्हताच. रहिमतपूरच्या बाजूचा एका शेतकऱ्याचा मुलगा, एवढीच माहिती. बाप सरकारी पलटणीत, दूर आफ्रिकेत लढत होता, आणि लेक सरकारच्या विरुद्ध रानोमाळ हिंडत होता. घरी आई एकटी.

एका दुपारी ती आई आमच्या दारात येऊन उभी राहिली. कोंडाबाई तिचं नाव. पायाला धूळ, पदरात ओल्या शेंगा बांधलेल्या. कॉलेजात चौकशी करत करत आली होती. आत यायला तयार होईना. ताईंनी हाताला धरून बसवली, तेव्हा म्हणाली, "आवं बाई, माझ्या शिवाची काय खबर हाय का तुमच्याकडं? दोन दिवाळ्या झाल्या, तोंड न्हाई दिसलं."

"खबर नाही हो आमच्याकडे," ताई म्हणाल्या. "खरंच नाही."

तिनं पदरातल्या शेंगा सोडून खाली ठेवल्या. मग म्हणाली, "मग त्याच्या हातचं लिवलेलं काय असंल तर दावा. मला वाचाया येत न्हाई. नुसता हात फिरवीन."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक ओढली. शिवरामचा एकच निबंध होता, मराठीचा, 'आमच्या गावाची वाट' या विषयावरचा. तास संपल्यामुळे अर्ध्यावरच राहिलेला. कोंडाबाईनं तो कागद मांडीवर घेतला, ओळींवरून बोटं फिरवली, नाकाशी धरून हुंगला. मग ताईंकडे देत म्हणाली, "वाचून दावा की वो बाई. काय म्हनतोय त्यो?"

ताईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते, कागद मला स्वच्छ दिसत होता. रहिमतपूरच्या स्टेशनावर उतरायचं, चिंचेखालून ओढ्याकडे वळायचं... साधा, प्रांजळ निबंध होता. पहिला परिच्छेद ताईंनी नेहमीच्या सपाट आवाजात वाचला. पुढे 'माळ' हा शब्द आला आणि त्या अडखळल्या. "म... म... माळ." मला वाटलं, अक्षर लागलं नसेल. अक्षर तर मोत्यासारखं होतं. पुढच्या ओळीत 'माती' आली, पुन्हा तेच. जीभ थांबली, मान किंचित डावीकडे झुकली, आणि शब्द धक्क्यानं बाहेर पडला. ताई वर्गात तासन्तास बोलत, त्यांची जीभ कधी अडल्याचं मी ऐकलं नव्हतं. प्रत्येक 'म'पाशी तसंच होऊ लागलं. आवाजही बदलत गेला... मोठा झाला असं नाही, पण खालून, छातीतून येऊ लागला. मी कोंडाबाईकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ताठ बसली होती, तोंड उघडं राहिलं होतं. पुटपुटली, "असाच अडायचा गं माझा... असाच. लहानपनापासनं."

ताईंना ते ऐकू आलं नसावं. त्या वाचत होत्या. शेवटची ओळ आली. 'म... मळ्याच्या कडेनं वर आलं की आमच्या घराचं' इथं लिखाण तुटलं होतं. खाली कोरा कागद. मला ते दिसत होतं. ताईंची नजर त्या कोऱ्या जागेवरून तशीच पुढं सरकत राहिली, आणि त्या वाचत राहिल्या, "दार दिसतं. आये, दार उघडं ठेवू नगंस. लावून घे. आतनं कडी घाल."

मग त्या थांबल्या. बाहेर रस्त्यावर कुणीतरी बैलाला हाकत होतं, तेवढाच आवाज.

कोंडाबाई उठली. "रोज रातच्याला मी दार उघडं ठिवते," ती म्हणाली. "त्यो कवाबी आला तर ठोठावाया लागू न्हाई म्हून. मी कुनाला बोलले न्हाई, बाई. शेजारनीलाबी न्हाई." तिनं कागदाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि निघून गेली. शेंगा तिथंच राहिल्या.

ताईंनी पाणी मागितलं. घोट घेऊन त्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजूही कोरी होती. "कुठवर वाचलं मी?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. "आणि त्याच्या पुढे?" मी ते शब्द सांगितले. त्यांनी कागद मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "मला काही आठवत नाही गं. गळा तेवढा दुखतोय." पुरावा मागणाऱ्या यमूताईंनी त्यानंतर त्या दुपारचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही दोघींनी मनाशी एकच धरलं होतं की मुलगा गेला. त्या घरावर पोलिसांची नजर असणार म्हणून ताईंनी तिकडे कधी पत्रसुद्धा पाठवलं नाही, आणि कोंडाबाईही पुन्हा आली नाही.

लढाई संपली. पकडवॉरंटं मागे घेतली गेली आणि भूमिगत मुलं एकेक करून परत आली. एका सकाळी आमच्या दारात एक उंच, रापलेला तरुण आला आणि हात जोडून म्हणाला, "म... मी शिवराम. आईनं पाठवलंय." बोलताना त्याची मान डावीकडे झुकली. ताईंच्या हातातलं भांडं खाली पडलं.

तो जिवंत होता. आईही सुखरूप होती. त्यानं सांगितलं ते असं. कोंडाबाई आमच्याकडे येऊन गेल्यानंतर एका रात्री तो घरापर्यंत आला होता. आईला भेटायचं ठरवूनच निघाला होता. मळ्याच्या कडेनं वर आला, तर दार बंद. आई दार उघडं ठेवते हे त्याला गावातल्या साथीदाराकडून कळलं होतं... तिनं कुणाला सांगितलं नसलं तरी लोकांना दिसत होतं. बंद दार पाहून तो चमकला. क्षणभर उसात थांबला, आणि तेवढ्यात त्याला गोठ्यात विडी पेटलेली दिसली. पोलीस टपून बसले होते. "दार उघडं असतं तर मी सरळ आत घुसलो असतो, बाई," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून आईनं कडी घातली. ती म्हणते, बाईंचे पाय धरून ये."

ताईंनी पाय मागे घेतले. विचारलं, "मी वाचलं, त्या सुमाराला तुम्ही कुठे होता?"

त्यानं आठवून पाहिलं. "पाटणच्या वरच्या रानात. हिवतापानं पडलो होतो. पोरं म्हणायची, तापात बडबडत होतो. काय, ते त्यांनाही कळलं नाही."

तो गेल्यावर ताई खिडकीशी उभ्या राहिल्या. "मेलेला असता तर मी मनाची काहीतरी समजूत घातली असती," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसानं माझा गळा घेतला... आणि मला न विचारता परत ठेवून दिला." मी म्हटलं, "पण ताई, तो वाचला ना?" त्या म्हणाल्या, "वाचला. म्हणूनच मला तक्रारही करता येत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी मोठ्यानं वाचणं सोडलं. वर्गातही उतारा असला तर एखाद्या विद्यार्थ्याला उठवायच्या. ट्रंकेतले निबंध त्यांनी स्वतः कॉलेजात नेले, नव्या प्राचार्यांकडून दप्तरासाठी उजेडाची खोली मिळवली, कपाटं करून घेतली आणि मरेपर्यंत तिथं ओठ मिटून काम केलं. दप्तराची भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "वाटते की. पण इथं नुसते कागद आहेत असं समजणारा कुणी या खोलीत येऊन बसला, तर त्याची जास्त वाटेल."

शिवराम आता साताऱ्याला शाळेत शिकवतो. दहाव्याला आईला घेऊन आला होता. कोंडाबाई माझ्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली.

दप्तराची किल्ली आता माझ्याकडे आहे. गणू शिपाई रोज सकाळी झाडायला तिथं जातो. परवा मी व्हरांड्यातून येत होते. गणूनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यावरच झाडू घेऊन थांबला. मी लांबून पाहत राहिले. थोड्या वेळानं मान हलवून तो आत गेला. मी जवळ जाऊन विचारलं, "गणू, दारात का थांबला होतास रे?"

"यमूताई 'ये' म्हनल्याबिगर कसं जायाचं?" तो झाडता झाडता म्हणाला. "आज जरा उशीर लागला. कामात असतील."

काल मला संस्कृतचं एक बासन हवं होतं, म्हणून एकटीच गेले. कुलूप काढलं, दार ढकललं. खिडकीतून ऊन आलं होतं, कपाटं ओळीनं उभी होती, खुर्ची टेबलाला लावलेली होती. माझा पाय उंबऱ्यावर थांबला... किती वेळ ते सांगता येणार नाही. मग मी आत गेले.