बनुबाईंचा कान चार्जिंगला

कुंडलच्या एसटी स्टँडसमोर माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बल्ब, वायर, स्विच, मोटारीचे कपॅसिटर आणि सेल. सेलच्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. पाण्याची मोटार जळाली तर माणूस मुकाट्यानं येतो. घड्याळाचा सेल संपला की मात्र जणू मीच घरात शिरून तो संपवला, अशा तोंडानं येतो. बनुबाई त्यातल्याच. फरक एवढाच, की त्या दर आठवड्याला यायच्या.

बनुबाई पंचाहत्तरीच्या. नवरा फौजेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा जयराज, तोही सतरा वर्षं फौजेत काढून आता घरचा ऊस बघतो. बाईंचे दोन्ही कान गेलेले. त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचं मशीन होतं: काडेपेटीहून थोडी मोठी डबी, ती पोलक्याला अडकवायची आणि तिची वायर कानापर्यंत न्यायची. जयराजनं मध्ये कानामागं बसणारं बारकं मशीन आणलं होतं, पण ते भाकरीचं पीठ मळताना दोनदा परातीत पडलं. मग परत डबीच. डबीत एक पेन्सिल सेल लागायचा.

साधा सेल आठ दिवस चालायचा. आठव्या दिवशी बाई तो काउंटरवर आपटणार आणि म्हणणार, मागच्या खेपेचा धा दिवस गेला, ह्यो कसला दिलास? मी सांगायचो, की टीव्ही, शेजारीण, नातीचा अभ्यास, सगळंच ऐकायचं म्हटल्यावर सेल बिचारा काय करणार. पण ते त्यांना ऐकूच जायचं नाही, कारण सेल माझ्या हातात असायचा.

शेवटी एकदा वैतागून मी दोन चार्जर काढून त्यांच्यापुढं ठेवले. म्हणालो, मावशी, चार्जिंगचे सेल घ्या आणि माझ्या डोक्याचा ताप कमी करा. नवा सेल घालून मशीन चालू करून दिलं आणि मग बाईंनी जी उलटतपासणी घेतली, तशी माझी पोरगी देताना व्याह्यांनी घेतली नव्हती.

पहिला चार्जर मोठा, सरळ भिंतीतल्या बोर्डात बसणारा. बाईंनी तो हातात तोलून बघितला आणि जड आहे म्हणजे चांगला असणार, असा निकाल दिला. पण त्यात दोन सेल जोडीनंच घालावे लागतात, एकटा सेल चार्ज होत नाही, हे मी सांगितल्यावर त्या थांबल्या. मला तर एकच लागतुय, म्हणाल्या. शिवाय तो आपोआप बंद होत नव्हता. सेल भरले की आपण काढायचे, विसरलं तर सेल तापून वाया. दुसरा चार्जर तळहाताएवढा. चार खाचा, प्रत्येक खाचेला आपला वेगळा दिवा, चार्जिंग चालू असेपर्यंत लाल, भरलं की हिरवा, आणि मग आपला आपण बंद. त्याची वायर मोबाईलच्या चार्जरला लागते, पॉवर बँकेला लागते, गाडीतही लागते. लाईट गेली तरी अडत नाही, आणि आमच्याकडं लाईट जाते.

बाईंनी दोन्ही दोनदा उचलले, ठेवले. मग विचारलं, भरलं म्हणून आपणहून सांगणारा कुठला? मी लहान दाखवला. तो आणि चार सेल घेऊन त्या गेल्या. जाताना मी बजावलं, की साधे सेल ह्यात चुकूनसुद्धा घालू नका, फुटतील. त्यांनी मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे ऐकू गेलं असं समजायचं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. अंगणात सुपात कुरडया वाळत घातलेल्या आणि कुरडयांच्या शेजारी माझ्या चारातले तीन सेल. रेडिओच्या काळापासून आमच्या भागात संपलेला सेल उन्हात ठेवतात, एखाद-दुसरा दिवस जास्त चालतो म्हणतात. बाईंनी विचार केला असणार, की चार्जर आहेच, वर थोडं ऊनही देऊ. मी अंगणात जाऊन ते सेल उचलले आणि सरळ माजघरात नेऊन म्हातारीपुढं ठेवत तिला झापलं. चार्जिंगच्या सेलला उष्णता सोसत नाही, आयुष्य निम्मं होतं. सून राजेश्वरी पदर तोंडाला लावून हसत होती. बाई म्हणाल्या, तू आपला दुकानात बस की, घरात कशाला आलास.

तिथून पुढं मात्र त्यांनी ते काम एखाद्या फौजीनं बंदूक साफ करावी तसं केलं. एक सेल डबीत, एक भरलेला कनवटीला, दोन चार्जरवर. चार्जर सोप्यात टीव्हीच्या फळीवर. त्याचा लाल दिवा लागला की घरात म्हणायचे, आईचा कान चार्जिंगला हाय. ही शिस्त बसायच्या आधी ते खरंही होतं, कारण बाई चारही सेल एकदम लावून बसायच्या. नंतर त्या शहाण्या झाल्या. घरातले झाले नाहीत. लाल दिवा दिसला की म्हातारीला ऐकू येत नाही, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं, आणि दिवा लाल असेपर्यंत ते तिच्यासमोर वाट्टेल ते बोलायला लागले.

हे बाईंनीच मला दुकानात स्टुलावर बसून सांगितलं, आणि सांगताना डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या. मुद्दाम दोन रिकामे सेल चार्जरला लावायचे आणि भरलेला सेल डबीत घालून पदराआड लसूण सोलत बसायचं. राजेश्वरी माहेरी फोनवर काय बोलते, जयराजचं सोसायटीत कुणाशी वाजलं, नात शिवांजली परीक्षेत कशात नापास झाली, सगळं कळत होतं. मी म्हणालो, मावशी, हे बरं न्हाई. चोरून ऐकणं झालं हे.

"चोरून कसलं? माझ्याम्होरंच बोलत्यात की," त्या म्हणाल्या. "दिवा नसला की समदी ग्वाड बोलत्यात. आई, समदं झ्याक हाय. आई, काळजी करू नगा. बीपी हाय नव्हं मला! दिवा लागला की खरं बोलत्यात. मला खरं आयकायचं असतंय रं."

मला हसू आलं, मी चहा मागवला. आज विचार केला तर वाटतं, तेव्हाच जयराजला सांगायला हवं होतं. पण गिऱ्हाईक हसत असलं की दुकानदार कशाला तोंड घालेल.

माघ उतरता उतरता त्या एकदा सकाळीच आल्या. सेल आणला नव्हता. स्टुलावर बसल्या. मग सांगायला लागल्या. फलटणजवळ त्यांचा धाकटा भाऊ असतो, हरिबा. सख्खा एवढा एकच उरलेला. तो आजारी होता हे त्यांना माहीत होतं. विचारलं की जयराज सांगायचा, मामा बरा हाय, हिंडतुय-फिरतुय. दोन दिवसांपूर्वी दिवा लाल असताना जयराज आणि राजेश्वरी बोलत होते. हरिबाला दवाखान्यातून घरी आणलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. आईला आत्ता काही सांगायचं नाही, तिला झेपायचं नाही, सगळं उरकलं की दहाव्याला घेऊन जाऊ, असं त्यांचं ठरलं होतं.

मी म्हणालो, मग आजच जयराजला सांगा, मला ने म्हणून.

त्यावर त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. मला आधी कळेना, एवढी तोंडाळ बाई कचरते कशाला. मग कळलं. सांगायचं तर ऐकलं कसं हेही सांगावं लागणार. एकदा ते सांगितलं, की त्या घरात त्यांच्यासमोर कुणी खरं म्हणून बोलणार नाही, दिवा लागो नाही तर विझो. उरलेलं सगळं आयुष्य झ्याक हाय, झ्याक हाय ऐकत काढायचं. आणि नाही सांगितलं तर भाऊ न भेटताच जाणार. दोन रात्री बाई ह्याच घोळात होत्या. मला त्यांची फार दया आली, आणि जयराजचा रागही आला. पण त्याच्या जागी मी तरी काय केलं असतं? माझ्या आईला तिचा भाऊ गेल्याचं आम्ही सहा दिवस कळू दिलं नव्हतं.

त्या उठल्या, घरी गेल्या. जयराज वैरण टाकून आला तेव्हा त्याच्यापुढं उभ्या राहिल्या आणि सांगितलं, मला फलटणला न्ये. जयराज म्हणाला, मामा बरा हाय आई. तेव्हा बाईंनी पदर बाजूला करून चालू मशीन दाखवलं.

विटा, मायणी, दहिवडी करत ते त्याच दिवशी दुपारी पोचले. चार्जर गाडीत लावलेला होता.

पुढचं मला बाईंनीच सांगितलं, तेराव्यानंतर. हरिबालाही ऐकू येत नव्हतं, बहिणीच्या आधीपासून. त्यांच्या घराण्यातच ते आहे. त्यानं मशीन कधी घेतलं नाही, कानात असलं काही नको म्हणायचा. त्यामुळं गेली सात-आठ वर्षं भाऊबीजेला ही दोघं समोरासमोर बसायची, जेवायची, एकमेकांकडं बघून माना हलवायची आणि गाडीत बसताना रडायची. ह्यांचं त्याला ऐकू जायचं नाही म्हणून तोही बोलेनासा झालेला, बोलणं असं नाहीच. त्या दिवशी हरिबा डोळे मिटून पडला होता. सगळे त्याच्याशी ओरडून बोलत होते आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. बाईंनी आपल्या कानातली वायर काढली आणि त्याच्या कानात घातली. डबी आपल्या तोंडाशी धरली आणि म्हणाल्या, "हरिबा, मी बनू हाय."

त्यानं डोळे उघडले. मग बाई अर्धा तास बोलत होत्या, कोण कुठं आहे, कुणाचं लग्न ठरलं, आई-वडील, लहानपणीचं सगळं. हरिबानं वायर मुठीत धरून ठेवली होती. आणि मग तोही बोलला, चांगली दोन-तीन वाक्यं बोलला. पण मशीन त्याच्या कानात होतं. बाई नुसत्या त्याच्या ओठांकडं बघत राहिल्या. वायर परत काढून घ्यावी असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांचा हात झाला नाही. नंतर त्याला झोप लागली ती लागलीच. चौथ्या दिवशी गेला.

जयराज तेव्हा उशाशीच उभा होता. परतीच्या वाटेवर बाईंनी मशीन कानात घालून त्याला विचारलं, मामा काय म्हणाला? जयराजनं सांगितलं, की मामा म्हणाला, माझी बनू आली, आता मला काय नको.

"हरिबा असलं जल्मात कधी बोलला न्हाई," बनुबाई मला म्हणाल्या. "शिव्या दिल्या, भांडला, पर असलं बोलणं न्हाई त्याचं. जयराजनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलंय. तो नेहमी तेच करतुय. आता खरं काय बोलला ते मला कोण सांगणार?"

महिन्याभरानं जयराज मोटारीचा कपॅसिटर न्यायला आला. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून थांबला. सतरा वर्षं बर्फात काढलेला माणूस, काउंटरची कड धरून उभा राहिला आणि म्हणाला, नाना, मामा तेच म्हणाला. शब्दाचा फरक न्हाई. मी स्वतः आयकलंय, मलाही नवल वाटलं. आईला चारदा सांगितलं, ती मान हलवती आणि भाकरी थापाय लागती. तुमी सांगा तिला. तुमचं ती आयकंल.

नसता उपद्व्याप, पण मी सांगितलं. पुढच्या बाजारच्या दिवशी बाई दुकानात आल्या, तेव्हा मशीन चालू असल्याची खात्री करून घेतली आणि सावकाश, स्पष्ट सांगितलं, की मावशी, जयराज खोटं बोलत न्हाई, हरिबा खरंच तसं म्हणाला.

बनुबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. रागावल्या नव्हत्या.

"तुला जयराजनंच सांगाय लावलंय," त्या म्हणाल्या.

आणि ते खरं होतं.