माझा आठ दिवसांचा वॉशआउट

सातवीनंतर मी शाळा सोडली. त्यापुढचं शिक्षण दुसऱ्यांच्या मुलांनी घ्यायचं असतं, असा आमच्या वाडीत समज होता. त्यामुळे मूत्रपिंडाबद्दलचं माझं सगळं ज्ञान मी स्वतःच्या बुद्धीने मिळवलं आणि त्याच ज्ञानाच्या जोरावर पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमधली नोकरी जवळजवळ घालवली.

सत्तर सालानंतरचे दिवस. इंजिनं अजून वाफेचीच होती. मी हंगामी खलाशी, काम बॉयलर धुण्याचं. पाण्याची वाफ होऊन जाते, पण पाण्यातले क्षार जाणार कुठे? ते आत नळ्यांवर बसतात, त्याचा दगडासारखा थर होतो. त्याला आम्ही खार म्हणायचो. ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करायचं, खालचे प्लग काढायचे, होजपाइपने पाण्याचा मारा करायचा आणि उरलेलं सळीने खरवडायचं. याला वॉशआउट म्हणत. शेडमध्ये 'थंड' इंजिन म्हणजे ज्याला हात लावला तर फोड येतो, पण लगेच नाही.

मला तिथे चिकटवलं बॉयलर मिस्त्रींनी. कोकणातून पत्र्याची पेटी घेऊन मी उतरलो, तेव्हा जिथे खोली मागायला जावं तिथे आधी आडनाव विचारत, मग जात, आणि मग खोली कालच दिलेली असे. मिस्त्रींनी काहीच विचारलं नाही. विहाराजवळच्या त्यांच्या घरातली पुढची खोली दिली आणि "जेवायला आत येत जा" एवढंच म्हणाले. त्या माणसाचा शब्द खाली पडू नये, या काळजीने मी तीन वर्षं नीट झोपलो नाही. तसाही मी झोपणारा नव्हतोच.

मग पर्मनंट होण्याचा कागद आला. फक्त मेडिकल पास व्हायचं होतं. मागच्या खेपेला आमच्यातला एक जण लघवीत दोष निघाला म्हणून अनफिट ठरला आणि पेटी उचलून गावी गेला. कसला दोष ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यावर सगळेच अधिकाराने बोलत. मी स्वतःची लघवी निरखू लागलो. एप्रिल महिना, दिवसभर बॉयलरपाशी घामाच्या धारा. रंग बिनदुधाच्या चहासारखा, आणि तोही दिवसातून जेमतेम दोनदा.

निदान करायला मला डॉक्टर लागला नाही. माझ्या आतल्या नळ्यांवर खार बसला होता. रोज तेच तर खरवडत होतो. उपायही ठाऊक होता: क्षार आत जाऊ द्यायचे नाहीत आणि पाणी सोडायचं. मेडिकलला आठ दिवस होते. मी मीठ बंद केलं आणि पाणी सुरू केलं.

पाण्याचं कुणाला कळलं नाही. मिठाचं पहिल्याच जेवणाला कळलं.

"वैनी, माझ्यापुरती आमटी मीठ घालायच्या आधी काढा."

मिस्त्रींच्या बायकोने पळी हातात तशीच धरली. "का हो भाऊजी? आमचं मीठ खारट लागायलंय का?"

"पथ्य आहे."

"तीन वर्षं जेवायलात, आताच कसं पथ्य निघालं?" त्या मिस्त्रींकडे वळल्या. "बघा. अजून पर्मनंट झाले न्हाईत, तवर हे."

मिस्त्री भाकरी मोडत म्हणाले, "कोकण्या, तू लय इचार करायलास. इचारानं बॉयलर फुटतंय."

खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून मी पथ्यावरच अडून राहिलो. वैनी आठ दिवस मला अळणी वाढत राहिल्या. ताट मात्र जरा आवाज करून ठेवत. ज्या घराने जात विचारली नाही त्या घराच्या स्वयंपाकाला मी नाव ठेवतोय, असा त्याचा अर्थ होत होता. तो मला कळत होता आणि मी पाणी पीत होतो.

चौथ्या दिवशी लघवी नळाच्या पाण्यासारखी झाली. मला वाटलं, इलाज लागू पडला. सातव्या दिवशी पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, डोकं दुखू लागलं, सळी हातातून निसटू लागली. मला वाटलं, खार सुटतोय.

मेडिकलच्या सकाळी घरातून निघताना दोन तांबे, स्टेशनवरच्या नळाला ओंजळीने पोटभर आणि दवाखान्याच्या माठातलं होतं तेवढं, असं पाणी प्यालो. कंपाउंडरने बाटली दिली. मी ती भरून दिली तेव्हा अभिमानच वाटला.

त्याने माझी लघवी काचेच्या उभ्या नळीत ओतली आणि तिच्यात एक काचेचा तरंगता गोळा सोडला. गोळ्याच्या मानेवर रेघा असतात, लघवी जितकी दाट तितका तो वर राहतो. माझा गोळा शेवटच्या रेघेपर्यंत बुडाला.

"कोणत्या नळाचं आणलंस?" कंपाउंडरने विचारलं.

"माझंच आहे साहेब."

"गोळा काय खोटं बोलायलाय? हे पाणी हाय. रेल्वेला फसवायलास?"

अनफिट होऊन गेलेल्याला निदान खरा दोष तरी होता. मी शुद्ध पाण्याच्या आरोपाखाली जाणार होतो. बोलायला गेलो आणि पोटरीत असा गोळा आला की तिथेच बाकावर आडवा झालो.

डॉक्टर बाहेर आले. वयस्कर होते, परभणीकडचे. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, काय खाल्लं-प्यालं ते विचारलं. खरं बोलण्याखेरीज काही उरलं नव्हतं. खारापासून माठापर्यंत सगळं सांगितलं. कंपाउंडर तोंड फिरवून हसत होता. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी पाण्यात मीठ-साखर कालवून पेला माझ्या हातात दिला.

"बॉयलर धुतोस ना? मग ऐक. तुझ्या मूत्रपिंडातही नळ्या आहेत, केसाहून बारीक. रक्तातलं शंभर तांबे पाणी गाळलं तर त्यातलं नव्याण्णव त्या परत घेतात, मीठही हवं तेवढं परत घेतात. उन्हात तुझं पाणी घामावाटे गेलं, म्हणून त्यांनी ते राखलं आणि घाण थोडक्या पाण्यातून बाहेर टाकली. म्हणून रंग गडद. त्या उत्तम काम करत होत्या. तू वर पाणी ओतलंस, त्यांनी ते फेकलं. मीठ बंद केलंस, त्यांनी कण न् कण धरून ठेवला. पण घामातून जे मीठ गेलं ते त्यांनी आणायचं कुठून? म्हणून हे गोळे."

"मग वॉशआउट?"

"मूत्रपिंडाला वॉशआउट लागत नाही. ते चालत्या गाडीत स्वतःचं स्वतः करतं. तू फक्त हात घालू नकोस. शनिवारी परत ये, आणि घरी मिठाचं जेव."

हात घालू नकोस. माझ्यासारख्याला याहून कडक पथ्य कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी वैनींना सगळं सांगितलं, लाज गिळून. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आमचं मीठ चांगलं होतं?"

"हो."

"मंग आठ दिवस मी उगंच रडले की." असं म्हणून त्या आत गेल्या. मिस्त्री सुपारी कातरत होते. "तुला मी बॉयलर धुवायला लावलं, सोताला न्हाई," ते म्हणाले.

शनिवारी कंपाउंडर दारातच उभा राहिला, नळ माझ्यापासून दूर ठेवायला. आठ दिवस दर अर्ध्या तासाला पळणारा मी, त्याच्यासमोर अर्धा तास कोरडा. शेवटी तो कंटाळून पाठमोरा झाला आणि काम झालं. गोळा मध्यावर उभा राहिला. त्याने तो दोनदा बुडवून बघितला, मग स्पिरिटच्या दिव्यावर लघवी उकळून बघितली, आणि जरा नाराजीनेच चिठ्ठी आत नेली. डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं.

त्या दुपारी वैनींनी ताटाच्या कडेला मीठ वाढलं, नेहमीच्या चिमटीपेक्षा चांगलंच जास्त. आमटीतही सढळ हाताने घातलेलं होतं. मिस्त्रींनी पहिला घास घेऊन पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मी मात्र सगळं संपवलं, कडेचं मीठसुद्धा भाकरीला लावून.